वाफेवरचा गालिचा

मी पाचवीत होते, तेव्हा आमच्या वडगावच्या घरातला हातमाग मोडीत निघाला. गल्लीत एकेक करत पॉवरलूम आले होते. वीस वर्षं मागाच्या खड्ड्यात पाय सोडून साड्या विणणारे माझे आप्पा दुसऱ्याच्या शेडवर पाळीला जाऊ लागले आणि हळूहळू बोलायचेच थांबले. रागानं नव्हे. विचारलं तर हसायचे, पण शब्द येत नसे.

त्याच थंडीत मावशी एक गालिचा घेऊन आली. ती लष्करी कॅम्पातल्या एका बंगल्यात कामाला होती. साहेबांची बदली झाली, तेव्हा बाईंनी जाताना तो तिला दिला होता. रंग मातकट. त्यावर वर्षानुवर्षं कुत्रं झोपलेलं. आईनं तो उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही.

मागच्या गल्लीत एक म्हातारी परटीण राहायची. सगळे तिला आक्का म्हणायचे. रविवारी सकाळी आप्पांनी गालिचा सायकलवर टाकला, मी मागून धरला, आणि आम्ही तिच्याकडे गेलो.

तिनं लोकर बोटांत चोळून पाहिली.

"भट्टीत न्हाय घालायचा आप्पा, आटून जाईल. वरनं वाफ देऊ या."

तांब्याच्या मोठ्या हंड्यात पाणी उकळत होतं. हंड्याच्या वर बांबू आडवे टाकून त्यांवर गालिचा पसरला. खालून वाफ चढू लागली. आक्का रिठ्याच्या पाण्यात ब्रश बुडवून हलक्या हातानं फिरवायची, फडक्यानं टिपायची, पुन्हा वाफ. सगळं अंगण पांढरं झालं. आक्का दिसेनाशी व्हायची, नुसता तिच्या काकणांचा आवाज यायचा. ऊन त्या वाफेत शिरून तिथंच थांबलं होतं. मला वाटलं, आपण झोपेत आहोत, आणि उठवू नये कुणी.

मग मातीखालून लाल वर आला. त्यात एक वेल, वेलीवर निळी फुलं. आप्पा वाकले. एका फुलावर त्यांनी बोट ठेवलं.

"हितं बघ गं," ते मला म्हणाले, "इणणाऱ्याची निळी लोकर संपलीया. दुसरी घेतलीया त्यानं, जराशी फिकट. कुणाला कळू नये म्हणून पाकळी बारीक केलीया."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी बी असंच केलंय की. लई येळा."

आणि ते बोलतच राहिले. कुठल्या साडीच्या पदरात जरीची तार कमी पडली, ते कसं झाकलं, कुठल्या लग्नात कुठल्या बाईच्या अंगावर ती साडी पुन्हा दिसली. आक्का हातातला ब्रश तसाच धरून ऐकत होती. हंड्यातलं पाणी आटत आलं, तरी कुणी उठलं नाही.

गालिच्याची एक कड उसवली होती. सावलीत वाळायला तीन दिवस गेले, तोवर आप्पांनी मावशीकडून जुन्या स्वेटरची लोकर मागवून ती कड भरून दिली. मावशीनं तो बंगल्याशेजारच्या बाईंना कौतुकानं दाखवला आणि महिन्याभरात कॅम्पातून दुसरा गालिचा आला. पुढं बरीच वर्षं रविवारी हेच चालायचं: आक्का वाफ द्यायची, आप्पा गुडघ्यावर गालिचा घेऊन कडा विणायचे, आणि दोघांच्या गप्पा पार आमच्या स्वैपाकघरापर्यंत ऐकू यायच्या.