गयेच्या वहीतले जगदेवराव

मंदामावशीच्या हाती टॅबलेट दिला तो मीच. आता वाटतं, माझेच हात मोडले असते तर बरं. माझ्या आईची ही मावसबहीण ग्वाल्हेरला नई सडकेमागच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. मुलींच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली. लग्न केलं नाही. स्थळ आलं की म्हणायची, "बाबा आले की बघू." लोक हसायचे. मीही हसलेय, खोटं कशाला बोलू?

तिचे बाबा जगदेवराव संस्थानच्या फौजेत हवालदार होते. ग्वाल्हेर मध्यभारतात विलीन झालं, फौजेची छाटणी झाली आणि गुडघा अधू म्हणून त्यांना घरी बसवलं. पिढ्यान्‌पिढ्या शिपाईगिरीवर जगलेलं घर, दुसरं काही येतच नव्हतं. एक्कावन्न साली इंदूरला नोकरी बघतो म्हणून गेले ते गेलेच. मंदा तेव्हा पाच वर्षांची. तिच्या आईने मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही.

"मला एवढंच कळू दे शरयू," मावशी म्हणायची, "त्यांना आमची आठवण होती की नाही."

कोणीतरी तिला सांगितलं, तीर्थातले पंडे आलेल्या यात्रेकरूंच्या नोंदी ठेवतात, त्या वह्या आता ऑनलाइन बघता येतात. झालं! चष्मा नाकावर आणि बोट स्क्रीनवर. आठ महिने ती ग्वाल्हेरची पानं चाळत होती. मी म्हणायचे, "मावशी, बस करो अब, डोळे जातील." शेवटी माझ्या डोक्यात उजेड पडला. अहो, पंडे माणूस राहतो कुठे ते बघत नाहीत, मूळ गाव बघतात! जगदेवरावांचं मूळ गाव साताऱ्याकडचं, सात पिढ्यांत कोणी तोंड न पाहिलेलं. त्या गावाची पानं उघडली आणि तिसऱ्या दिवशी गयेच्या वहीत जगदेवराव सापडले. साल त्रेपन्न. खाली त्यांची सही. फौजेच्या जुन्या कागदांवरची ती सही मावशीला पाठ होती.

"जिवंत होते गं! गयेला गेले होते!" मावशी पोरीसारखी टाळ्या पिटायला लागली.

मी सगळी नोंद वाचली. त्यांनी स्वतःचाच पिंड दिला होता. ज्याला पिंड द्यायला कोणी उरलं नाही, तो माणूस गयेला जाऊन जिवंतपणीच ते उरकून घेतो. सहीच्या वर लिहिलं होतं, मागे कोणी नाही.

"मावशी, पंडा मुलगेच विचारतो," मी घाईघाईने म्हटलं. "मुलीला वहीत धरतच नाहीत. रीतच तशी मेली!"

"रीत पंड्याची," ती म्हणाली. "सही बाबांची आहे."

मला त्या माणसाचा असा संताप आला! घरी बायको जिवंत, सात वर्षांची पोर जिवंत, आणि हा खुशाल सही करून मोकळा.

मावशीने टॅबलेट पालथा ठेवला. मग म्हणाली, "शाळेत नाव घातल्यापासून बघ शरयू. दाखला, नोकरी, बँक, पेन्शन. प्रत्येक कागदावर मी माझ्या नावापुढे त्यांचं नाव लिहिलं. मंदाकिनी जगदेवराव. त्यांच्यावर माझं नाव लिहायची वेळ एकदाच आली होती."