बर्फावरची पिचकारी

रायपूरच्या सदर बाजारात गाडी अडकली आणि शेजारच्या स्कूटरवाल्याने दातांनी गुटख्याची पुडी फाडली, की त्या गोडसर वासाने मला मनालीचा बर्फ आठवतो. आमचं सगळं घर तिकडे फिरायला गेलं होतं, ताई आणि भाऊजींसकट. सकाळी लवकर उठून मी हॉटेलमागच्या उतारासमोर कॅमेरा लावला. वर कोपऱ्यात एकच देवदार, तोही धुक्यात, बाकी नुसता कोरा बर्फ, त्यावर पाऊलसुद्धा नाही. फोटोत बर्फ करडा येऊ नये म्हणून कॅमेऱ्यात उजेड जरा वाढवून घेतला आणि धुकं विरळ व्हायची वाट पाहत राहिले. बोटं बधिर झाली. शेवटी झाड दिसलं, मी बटण दाबायला आणि मागून आलेल्या भाऊजींनी माझ्या खांद्यावरून गुटख्याची पिचकारी मारायला एकच गाठ पडली. कोऱ्या बर्फात लाल ओघळ, त्यातून वाफ निघत होती. "नुसत्या बर्फाचा फोटो काहून काढून राहिली? माणूस पाहिजे न त्याच्यात," ते म्हणाले. मी तोंड उघडणार तोच आईने माझा दंड दाबला. "चूप राय. जावई हाय ते." धुकं पुन्हा उतरलं आणि झाड गेलं. हाती लागला तो तेवढाच फोटो. भाऊजींना आवडला म्हणून आईने तो मोठा करून बैठकीत लावलाय. आता ते आले की पाहुण्यांना जवळ बोलावतात, त्या लाल डागावर बोट ठेवतात आणि कौतुकाने सांगतात, "हा मीच हाय."