कडीचा आवाज

आमचे मास्तर भोर संस्थानच्या कचेरीत कारकून होते आणि संध्याकाळी आमच्या नाटक मंडळाच्या तालमी घ्यायचे. कुणाच्याही घरी गेले की आधी दारावर बोटानं ठोकून आवाज ऐकायचे. दार सताड उघडं असलं तरी!

युरोपातल्या नव्या नाटकांबद्दल त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. तिकडं म्हणे रंगमंचावर खरीखुरी खोली उभारतात आणि माणसं गाणी न म्हणता घरच्यासारखी बोलतात. तेव्हापासून आमचे रंगवलेले पडदे त्यांच्या मनातून साफ उतरले.

आंबवड्याच्या जत्रेत नाटक ठरलं. त्यात बाप मुलाला घराबाहेर काढून कडी लावतो.

"दार पडद्यावरच रंगवू की," आम्ही म्हणालो.

"रंगवलेल्या दाराची कडी वाजत नाही."

एवढं बोलून त्यांनी स्वतःच्या घराचं दार बिजागऱ्यांसकट उतरवलं. वहिनी उंबऱ्यात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. बैलगाडीत ते दार धरून मी बसलो.

गाणी नाहीत म्हटल्यावर लोकांनी शिट्ट्या सुरू केल्या. मास्तर विंगेत हाताची घडी घालून उभे होते, हलले नाहीत. मग बापानं दार लावलं. कडी खाडकन पडली आणि सगळं पटांगण गप्प झालं. पुढं बसलेली एक म्हातारी ओरडली, "आरं, उघड की! पोरगं भायेर हाय!"

दुसऱ्या दिवशी आम्ही दार बसवायला गेलो. रात्रभर चौकटीला गोधडी बांधून बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "आता घट्ट बसवा एकदाचं."

त्या आत वळल्या. मी स्क्रू पिळायला लागलो, तसा मास्तरांनी माझा हात धरला.

"फार आवळू नका," ते हळूच म्हणाले. "पुढच्या साली परत काढायचंय."