जळक्या खुर्चीचा म्हातारा

किन्हवलीच्या बौद्धवाड्यात रॉक संगीताचा चाहता एकच होता, रत्नदीप. त्यामुळे चाहता मंडळाचं अध्यक्षपदही आपसूक त्याच्याकडेच आलं. १९९२ साली कल्याणच्या फुटपाथवर त्याला एका विलायती बँडची कॅसेट मिळाली. वेष्टणावर शेतात ठेवलेली जळकी खुर्ची होती. घरात अल्बमचं नाव तेच पडलं.

घरात वीज नव्हती, टेप सेलवर चाले. आणि सेलांबाबत वडिलांचा, जयरामांचा, कायदा कडक होता. नवे सेल बॅटरीत. कारण साप बघायला उजेड लागतो, गाणं ऐकायला लागत नाही. बॅटरीतून निवृत्त झालेले सेल जयराम दिवसभर पत्र्यावर उन्हात तापवत आणि संध्याकाळी टेपमध्ये भरून देत. नव्या सेलाचं तोंड त्या टेपने कधी पाहिलं नाही.

तिसरं गाणं लागलं की मात्र जयराम विडी विझवत. खोल, जड, रेंगाळणारा आवाज. "म्हातारा कायतरी गमावून बसलाय रे," ते म्हणत. इंग्रजीचं अक्षर न कळता केलेलं असं रसग्रहण रत्नदीपला पुढे मास्तर झाल्यावरही कुठे वाचायला मिळालं नाही.

१९९९ला वीज आली, तोवर टेपची वायर उंदरांनी संपवली होती. २००२ला जयराम गेले. त्यानंतर रत्नदीपने टेप ट्रंकेत ठेवला, तो काढलाच नाही.

२००६ साली अल्बमला पंधरा वर्षं झाली. ठाण्याला नोकरीला असलेला त्याचा मित्र सतीश नव्याने काढलेली सीडी घेऊन आला. आवाज धुऊन-पुसून स्वच्छ केलेला, सोबत फोटोंची पुस्तिका. रत्नदीपने बायकोला हाक मारली. "रत्नप्रभा, ये गो, बाबांचा म्हातारा ऐक." लग्न जयरामांच्या मागे झालेलं; तिने म्हाताऱ्याची फक्त कीर्ती ऐकली होती.

तिसरं गाणं लागलं. एस.टी. सुटत असल्यासारखा कुणी पातळ आवाजाचा पोरगा घाईघाईने गाऊन मोकळा झाला. पुस्तिकेत त्याचा फोटो होता. मिशीसुद्धा धड फुटली नव्हती.

"ह्यो म्हातारा?" रत्नप्रभा म्हणाली. "ह्याला अजून पोरगी दाखवायची हाय."

सतीश हसत सुटला. "तुजा टेपच स्लो होता रे, मास्तर! मेलेले सेल. इतकी वर्षं चुकीचं ऐकलंत तुमी बाप-लेक."

सतीशचं म्हणणं बरोबर होतं, हीच अडचण होती. म्हातारा मुळात नव्हताच, तर बाबा विडी कुणासाठी विझवत होते? रत्नदीपला त्या रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी तो लडकूच्या दुकानात गेला. "चार मोठे सेल दे. वापरलेले."

"नवे हायत ना, मास्तर."

"नवे चालत नाय."

लडकूने मास्तरांकडे जरा काळजीने बघितलं, स्वतःच्या बॅटरीतले दोन काढले, रेडिओतले दोन. "जुने आमी इकत नाय. असेच न्या."

सेल दिवसभर पत्र्यावर पडले. रत्नप्रभाने दुपारी ते पापडासारखे उलटवले.

संध्याकाळी ट्रंकेतला टेप निघाला. आधी नुसती खरखर झाली. मग तिसऱ्या गाण्यात म्हातारा आला, पायरीपायरीवर थांबत, कुणाची घाई नसल्यासारखा.

चुलीशेजारच्या शेगडीवर कुकर फुसफुसत होता. रत्नप्रभा दारात उभी राहिली, थोडा वेळ ऐकलं, आत वळली आणि शिटी व्हायच्या आधीच तिने गॅस बंद केला.

त्या दिवशी भात कच्चा होता. रत्नदीपने दोनदा मागून घेतला.