खऱ्या वाक्यांचा वर्ग

केडगावात पुणे रस्त्यालगतच्या त्या गल्लीत लोक म्हणत, पुष्पावतीबाईंच्या घरी एक वेळ खोटं बोललेलं चालेल, खोटं लिहिलेलं चालणार नाही. शेजारच्या रतनबाई त्यात भर घालत, "आन् आमच्या घरातलं समदं बाईंना आमच्याआधी कळतं, तेबी इंग्रजीतनं." त्यांच्या नातीनं वहीत लिहिलं होतं, की आजी देवळातून परतण्याआधी आजोबांनी पेढे संपवून टाकले होते. आजोबांना मधुमेह होता. नातीनं ते वाक्य घरी येऊन मोठ्यानं म्हणून दाखवलं आणि आजोबांचा महिनाभराचा सुखाचा काळ संपला.

पुष्पावती साळवे एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. पुढच्या खोलीत सतरंजी टाकून त्या संध्याकाळी बारावीच्या अकरा मुलांचा वर्ग घेत. मुलं अडखळत ती दोन ठिकाणी. एक पूर्ण भूतकाळ, आणि दुसरं म्हणजे ती जोडक्रियापदं, ज्यांच्या शेपटीचा लहानसा शब्द सगळा अर्थ फिरवतो. 'गिव्ह' म्हणजे देणं आणि 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणं, हे पाठ करून कुणाच्या लक्षात राहत नाही, असं बाईंचं मत होतं. म्हणून त्यांनी स्वतःची रीत बसवली होती. रोज पाच वाक्यं लिहायची, प्रत्येकात एक जोडक्रियापद, आणि ते 'हॅड' लावून. वाक्य आपल्याच घरातलं, घडलेलंच हवं. "दोन गोष्टी होऊन गेल्यात. त्यातली आधी कोणती झाली ते मला सांगा," असं त्या म्हणत. मग वह्यांमध्ये म्हशी दावं तोडून पळालेल्या असत, पाणी सुटण्याआधी मोटरी बंद पडलेल्या असत, दूध उतू गेलेलं असे. वह्या बाईंकडेच राहत. सकाळी चहा घेता घेता त्या लाल पेननं तपासत.

सृष्टी पुणतांब्याची. बारावीसाठी मामाकडे, काकासाहेबांकडे, केडगावात राहत होती. वर्गात ती भिंतीला टेकून बसे आणि विचारल्याशिवाय बोलत नसे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिनं लिहिलं, की मी बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी घरच्यांनी माझं लग्न ठरवून टाकलं होतं. 'हॅड फिक्स अप' असं तिनं लिहिलं होतं. बाईंनी 'फिक्स' खोडून 'फिक्स्ड' केलं आणि समासात 'उत्तम' लिहिलं. त्या दिवशी वह्या अकरा होत्या आणि वाक्यं पंचावन्न.

सतरा दिवसांनी सृष्टी यायची थांबली. आणखी तीन दिवस वाट पाहून बाईंनी रविवारी सकाळी तिची वही उघडली. कुठल्या धड्यापर्यंत झालंय, एवढंच त्यांना पाहायचं होतं. लग्न ठरल्याचं वाक्य त्यांनी आता वाचलं. पुढच्या पानांवर मोबाईल काढून घेतला होता. तिनं हो म्हणण्याआधी पाहुण्यांनी तेवीस तारीख धरली होती. आजोबा अंथरुणाला खिळले होते, त्यांच्या डोळ्यांदेखत कार्य उरकायचं होतं. प्रत्येक वाक्यापुढे बाईंची बरोबरची खूण होती. त्या दिवशी एकवीस तारीख होती. सृष्टीला अठरा पूर्ण व्हायला एप्रिल उजाडणार होता.

त्या तडक काकासाहेबांकडे गेल्या.

"सृष्टी कुठं आहे?"

"गावाकडं गेलीय. आज्याला बरं न्हाई."

"परवा तिचं लग्न आहे."

काकासाहेबांनी हातातला वर्तमानपत्राचा कागद घडी करून बाजूला ठेवला. "कुनी सांगितलं?"

"तिनंच. लिहून."

"बाई, पोरगा कंपनीत हाय, अंगद नाव. निर्व्यसनी. चार महिन्यांचा तर प्रश्न हाय. तुमी शिकवायचं काम करा, आमचं आमी बघतो."

"परीक्षा फेब्रुवारीत आहे."

"लग्न झाल्यावर कुनी परीक्षा देत न्हाई व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं बाई पुणतांब्याला गेल्या आणि ग्रामसेवकांपुढे वही ठेवली. त्यांनी पानं उलटली आणि ते संकोचानं म्हणाले, "बाई, हा तर इंग्रजीचा अभ्यास आहे. मुलीनं उदाहरण म्हणून लिहिलं असेल."

"माझ्याकडे उदाहरणं नसतात," बाई म्हणाल्या. "वर्गातल्या कुणालाही विचारा."

शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख पाहिल्यावर ग्रामसेवक उठले, सोबत पोलीस पाटलांना घेतलं. सृष्टीच्या घरी अंगणात मांडवाचे खांब उभे होते. दुपारपर्यंत बोलणं चाललं, मग वडिलांनी हमीपत्रावर सही केली, की मुलीला अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही. सृष्टी आतल्या दारात उभी होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं; तिनं मान खाली घातली. तिला केडगावला पाठवा, परीक्षा होऊ द्या, असं बाई म्हणाल्या तेव्हा वडील शांतपणे म्हणाले, "हमीपत्रात ते न्हाई."

जानेवारी गेला. सृष्टी आली नाही. कॉलेजातून तिचं हॉलतिकीट बाईंनी मागून पाहिलं. ते तिच्याच हाती द्यायचं असा नियम होता. पुणतांब्याला त्या आणखी दोनदा गेल्या. एकदा दार उघडलं गेलं नाही. दुसऱ्यांदा आईनं बाहेर येऊन पाणी दिलं, "बघू" म्हणाली आणि दार लोटून घेतलं. एप्रिलची तारीख नव्यानं धरल्याचं गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

वर्ग मात्र विरत गेला. कुणाच्या घरी पोरीचं स्थळ पाहणं चालू होतं, कुणाच्या घरी वाटणीचं भांडण होतं. पोरांच्या वहीतून काय बाहेर जाईल याचा नेम उरला नव्हता. आया क्लास बदलल्याचं सांगायला यायच्या आणि उंबऱ्यावरूनच परत जायच्या. सतरंजीवर तीन मुलं उरली. रतनबाईंची नात त्यांत होती, पण तिलाही आता घरचं लिहायची बंदी होती.

परीक्षेला चार दिवस उरले असताना रतनबाई संध्याकाळी येऊन पायरीवर बसल्या. बाई आत वह्या तपासत होत्या.

"लोक म्हनत्यात, बाईंनी लई मोठं काम केलं. काही म्हनत्यात, नसती उठाठेव. मला एवढंच सांगा बाई, लोकाची पोर ती. तुमाला एवढं लागायचं कारन काय?"

पुष्पावतीबाईंनी पेनला टोपण लावलं.

"तिनं मला वीस दिवस आधी सांगितलं होतं, रतनबाई. मी तिचं क्रियापद दुरुस्त केलं."