बहिणीची शिट्टी
परवा नवी पेठेत एका दुकानात शिरताना सॅनिटायझरचा वास आला आणि आमची गच्ची आठवली. धाकट्या बहिणीला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस. छातीत चिकट कफ साठून तिची फुप्फुसं निकामी झाली. दुसऱ्याची बसवली, तीही काही वर्षांत शरीरानं नाकारली, म्हणून चेन्नईला पुन्हा बदलली. ‘दुसऱ्या खेपेला भरवसा कमी असतो,’ असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. घरी आल्यावर एका संध्याकाळी, गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींमध्ये आम्ही दोघंच होतो. हातांना सॅनिटायझर चोळून तिनं मास्क खाली केला. ‘दादा, मला शिट्टी शिकव की,’ ती म्हणाली. लहानपणी तिला तेवढा दमच नव्हता. मी ओठांचा चंबू करून दाखवला. बराच वेळ तिच्या तोंडातून नुसती हवा निघाली. ‘ज्याची ही फुप्फुसं, त्याला येत असेल का रे शिट्टी?’ तिनं मध्येच विचारलं. मग पुन्हा ओठांचा चंबू केला आणि एक बारीक, थरथरती शिट्टी वाजली. खालून आई ओरडली, ‘कोण गं शिट्ट्या मारतंय?’ ‘मीच!’ बहीण म्हणाली. पोरींनी शिट्टी मारलेली आईला मुळीच खपत नसे. ती धापा टाकत वर आली, तेव्हा आता बोलणी बसणार असं मला वाटलं. पण आई बहिणीकडे बघून हळूच म्हणाली, ‘परत मार की.’ या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पुढं किती, हे डॉक्टर अजूनही सांगत नाहीत. बहीण मात्र गेल्या आठवड्यात बासरीच्या क्लासची चौकशी करून आली.