मागचा गळ

माझे मोठे काका अच्छाडला हायवेलगत ट्रकच्या सजावटीचं सामान विकायचे. आरशाला बांधायचे काळे गोंडे, चंदेरी झालरी, काचेवर चिकटवायचे देव. गोंडे ते स्वतः बांधत. त्यांचा गोंडा पंजाबपर्यंत जाऊन आला तरी सुटत नाही, असं ड्रायव्हर सांगायचे. काका वर न बघता म्हणायचे, "सुटला तर परत आण." कोणी परत आणल्याचं मला आठवत नाही.

रविवारी ते डहाणूच्या खाडीवर गळाने जिताडा मासा धरायला जात. २०१६ मध्ये, मी बारावीत असताना, त्यांनी मला फोनवर एक फोटो दाखवला. थंड देशातल्या कुठल्याशा माशासाठी हाताने बांधलेलं आमिष, काडीसारखं बारीक. दोन लहान गळ एकामागे एक, मधे तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, आणि वरून निळ्या-चंदेरी केसांची शेपटी. पाण्यात ओढलं की पोहणाऱ्या पिल्लासारखं दिसतं म्हणे.

"त्यांचा मासा समुद्रातून नदीत चढतो," काका म्हणाले. "आपला जिताडा खाडीत चढतो. मग का नाही फसणार? गोंड्यांचे केस तर माझ्याकडे पोतंभर आहेत."

कृती इंग्रजीत होती. मी तलासरीत तिची प्रिंट काढून आणली.

घरात इंग्रजी माध्यमात शिकलेली मी एकटीच. औषधाच्या बाटलीवरची अक्षरं, बँकेचं पत्र, मिक्सरचं गॅरंटी कार्ड, सगळं माझ्यापुढे यायचं. जे कळायचं नाही ते मी अंदाजाने सांगायचे. कमी बोलणाऱ्या मुलीवर लोक चटकन विश्वास ठेवतात, हे मला फार लवकर समजलं होतं.

दुकानामागच्या बाकावर मी एकेक ओळ मराठीत सांगत होते आणि काका हात चालवत होते. गळ जोडण्याचा परिच्छेद आला. सहाच ओळी, पण प्रत्येक ओळीत एखादा अनोळखी शब्द. मी दोनदा वाचला.

"काय म्हणतो?"

"हे तिकडच्या थंडीसाठी आहे. पाणी गोठतं ना तिथे. आपल्याला नको."

काकांनी गळ आणि तंगुसीचा सांधा अंगठ्याने दाबून पाहिला. "तंगुसीवर नुसता दोरा गुंडाळायचा? ती गुळगुळीत असते गं. मधे काही चिकटवायला नको? गोंड्याला मी लावतोच."

"तसं नाही लिहिलेलं."

"नक्की?"

"काका, लिहिलं असतं तर मी सांगितलं नसतं का?"

"बरं बाई, चिडू नको. छापलंय म्हणजे बरोबरच असणार." हातात घेतलेली गोंदाची बाटली त्यांनी परत फळीवर ठेवली.

त्या रविवारी मीही खाडीवर गेले. कोळंबी लावून बसलेल्यांनी काकांच्या गळाला लटकलेली चमकी पाहिली.

"काय काका, आज ट्रक धरायला आलात काय?"

"आधी तुला धरीन. बस गुमान."

पाचव्या-सहाव्या फेकीला काठी वाकली. जिताडा पाण्याबाहेर उसळला आणि सगळे उठून उभे राहिले. एवढा मोठा मासा मी गळाला लागलेला पाहिला नव्हता. "ढील द्या, ढील द्या!" कोणीतरी ओरडलं. मग काठी एकदम सरळ झाली.

काकांनी दोरी गुंडाळून घेतली. पुढचा गळ होता, केस होते, दोऱ्याचे वेढेही होते. तंगूस मात्र त्या वेढ्यांतून सरकून निघून गेली होती, मागच्या गळासकट.

"गोंडेवाल्याची गाठ सुटली!" मघाचाच माणूस म्हणाला आणि सगळे हसले. काका काठी आवरू लागले.

परतताना बसमध्ये ते म्हणाले, "तो गळ आता त्याच्या तोंडात राहणार." थोड्या वेळाने म्हणाले, "बोटांत जोर राहिला नाही माझ्या." मी खिडकीबाहेर बघत राहिले. तेव्हाच खरं सांगता आलं असतं.

त्यानंतर दुकानात वापीहून आणलेले तयार गोंडे दिसू लागले. जुने ड्रायव्हर मागायचे, "चाचा, अपने हाथ का दो ना." काका म्हणायचे, "अब हाथ नहीं चलता." काकूने त्यांना डॉक्टरकडे नेलं. बोटं ठणठणीत आहेत, असं डॉक्टर म्हणाले. "त्याला काय कळतंय," काका म्हणाले.

दोन वर्षांनी, कॉलेजात असताना, मी त्या सहा ओळींतले शब्द शोधले. गळाच्या दांडीला आधी व्हार्निश लावा, तंगुसीचं टोक उलटं दुमडून पुन्हा बांधा, वरून आणखी एक हात द्या. काकांनी जे विचारलं होतं तेच.

मी सांगायचं ठरवलं. घरून निघतानाच काकांना म्हणायचं वाक्य तयार होतं, आणि त्या वाक्याला लागणारा कागदही. तो परिच्छेद मी वेगळ्या पानावर छापून घेतला होता.

"काका, तेव्हा एक पान प्रिंट व्हायचं राहिलं होतं. आता सापडलं." मी त्यांना ते वाचून दाखवलं, या वेळी नीट.

"म्हणजे चिकटवायचं होतं."

"हो."

"मी म्हटलं होतं ना तुला?"

"हो."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, कळलं. पण त्यांनी आत काकूला हाक मारली. "ऐकलंस का? बोटं नव्हती गं, पानच नव्हतं!"

त्या दुपारी त्यांनी एक गोंडा बांधला, दोन्ही हातांनी ताणून पाहिला आणि समोर आलेल्या ड्रायव्हरच्या हातात दिला. "ये हमारी बेटी है. मैं भूल भी गया था, ये दो साल कागज ढूँढती रही."

"पढ़ी-लिखी बच्ची है, चाचा," तो म्हणाला.

काका आजही ही गोष्ट येईल त्याला सांगतात. मी दुकानात असले तर माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे करतात, आणि मी पुढे होते.